मीथची टेकडी, मॅटीकडची किल्ली आणि पितरांचा डबा

खरं तर जायचं होतं माल्टाला. भूमध्य समुद्रातल्या त्या चिमुकल्या बेटावर पिरॅमिडांच्याही आधीची दगडी देवळं आहेत, डब्लिनहून थेट विमान आहे आणि सप्टेंबरात तिथे ऊन असतं. गॉलवेत राहणाऱ्या माणसाला त्यातलं शेवटचं कारण एकटंसुद्धा पुरतं. मी हॉटेलं बघून ठेवली, आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना फोनवर देवळांचे फोटो दाखवले. "देऊळच पाहाचं हाय तं चालतो बाप्पा," त्या म्हणाल्या. (आमच्या आई काटोलकडच्या. तिकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' म्हणतात. पुण्याहून त्या घरात गेलेल्या मला हे कानाला बसायला दोन दिवाळ्या लागल्या.) मग समीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वरणात लिंबू पिळता पिळता शांतपणे विचारलं, "आईकडे शेंगेन व्हिसा आहे का?"

नव्हता. आयर्लंडचा व्हिसा म्हणजे युरोपचा व्हिसा नव्हे, हे इथे राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पाठ असतं आणि उन्हाच्या नादात मीच ते विसरले. तुम्ही आईवडिलांना इकडे बोलावून 'जरा युरोप दाखवू' अशा बेतात असाल तर हे आधी लक्षात घ्या. माल्टा, पॅरिस, रोम, सगळ्यांना वेगळा व्हिसा लागतो, आणि त्याची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पाहुण्यांची परत जायची वेळ होते.

पण दगडच बघायचे तर बेट बदलायचं कशाला? आपणही बेटावरच राहतो की. मीथ परगण्यात न्यूग्रेंज आहे, माल्टाच्या देवळांच्या तोडीचं जुनं. मी आईंना सांगितलं, "सूर्याचं देऊळ आहे, पाच हजार वर्षांपूर्वीचं." समीरला कारखान्यात लागोपाठ शिफ्ट होत्या, म्हणून आम्ही दोघींनीच जायचं ठरलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आई आणि मी अशा दोघीच कुठे गेलो नव्हतो. मध्ये नेहमी समीर असायचा, दुभाष्यासारखा. मी हवामान पाहिलं, समीरचा रोस्टर पाहिला, शनिवार-रविवार पकडून तिकिटं काढली आणि नावन गावाजवळ एक स्वयंपाकघर असलेलं छोटं कॉटेज एका रात्रीसाठी घेतलं. शंभर युरोंच्या आसपास पडलं, दोघींत महाग नाही.

एवढं सगळं पाहिलं, पण पंचांग पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई आमच्या भिंतीतल्या कपाटाच्या, म्हणजे इथल्या भाषेत 'प्रेस'च्या, दारावर लावलेल्या दिनदर्शिकेसमोर चष्मा कपाळावर चढवून उभ्या होत्या. ती त्यांनी नागपूरहून बॅगेत घालून आणलेली.

"मृणाल, रविवारी सप्तमी हाय."

"बरं."

"पितृपक्ष चालू हाय वं. सप्तमी म्हंजे याइची तिथी."

'याइची' म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते जाऊन दोन वर्षं झाली. दरवर्षी पितृपक्षात त्यांच्या तिथीला आई स्वयंपाक करतात, बाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पानावर बसवतात, तो पोटभर जेवला की मग स्वतः जेवतात. घरचं माणूस चालत नाही. तोवर त्यांच्या तोंडात घास नाही. गॉलवेत एखाद्या मराठी घरातल्या कोणाला तरी बोलावता आलं असतं, आणि मी नेमका त्याच दिवशी त्यांना दुसऱ्या टोकाला न्यायचा घाट घातला होता. मला इतकी लाज वाटली की मी लगेच तिकिटं रद्द करायला फोन काढला.

"पैसे वापस भेटते काय?"

"नाही भेटत."

"मंग काऊन रद्द करतं? समीर सकाळी पाणी सोडन तर्पणाचं. मी तिथंच सैपाक करतो. जेवाले माणूस तं कोठीबी भेटते."

मीथच्या माळावर, रविवारी दुपारी, उडदाचे वडे खाणारा माणूस. मी सामानात कढई घातली.

गॉलवेहून सकाळी लवकर निघालात तर एम-सिक्स हायवे मोकळा मिळतो. एकदा टोल लागतो. किनेगडला हायवे सोडून ट्रिममार्गे गेलात की खरा मीथ दिसायला लागतो: बुटकी कुंपणं, त्यांवर पिकून काळ्या झालेल्या ब्लॅकबेऱ्या, आणि गाई अशा की आईंनी प्रत्येक कळपाला "काय तब्येत हाय!" अशी पावती दिली. शाकाहारी माणसाने पंपावरच्या दुकानांवर भरवसा ठेवू नये. तिथे जे काही ताजं असतं त्यात कोंबडी असते. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती, गाडीत दोन दिवस वास होता.

न्यूग्रेंजला थेट गाडी नेता येत नाही. नदीच्या अलीकडे माहिती केंद्र आहे, तिथे गाडी लावायची, पादचारी पुलावरून बॉइन नदी ओलांडायची आणि पलीकडून छोटी बस वर नेते. तिकीट वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढा, आयत्या वेळी गेलात तर परत यावं लागेल. आत फोटो काढू देत नाहीत आणि पाठीवरची पिशवी उतरवायला लावतात. कारण आत गेल्यावरच कळतं.

बसमधून ती पांढरी भिंत पहिल्यांदा दिसली तेव्हा मी काचेला नाक लावलं. हिरव्यागार उतारावर गारगोटीच्या दगडांची वळत जाणारी पांढरीशुभ्र भिंत, वर गवताचं छप्पर, आणि तळाशी आडवे पडलेले धोंडे, हत्ती बसावेत तसे. दाराशी जो धोंडा आहे त्याच्यावर वेटोळी कोरली आहेत. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, कुठे सुरू होतं तेच डोळ्यांना सापडत नाही. लोखंड माहीत नव्हतं त्या काळातली ही माणसं. दगडाने दगड कोरला. गारगोट्या दूरच्या विकलोच्या डोंगरांतून आणल्या, चाक नसताना. मी कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आहे, पण तिथे उभी राहून मला माझं काहीच शिक्षण कामाचं वाटलं नाही.

आत जायची वाट अरुंद आहे. उंच माणसाला वाकून, जाड माणसाला तिरकं होऊन जावं लागतं. आईंचा गुडघा दुखतो, पण त्या माझ्यापुढे, दोन्ही हातांनी दगडांना धरत, तोंडाने काहीतरी पुटपुटत निघाल्या. आत एक खोली, तीन बाजूंना तीन कोनाडे, आणि डोक्यावर दगडावर दगड पुढे सारत नेऊन मिटवलेलं छप्पर. पाच हजार वर्षांत ते गळलेलं नाही. आमच्या गॉलवेच्या घराचं छप्पर दर हिवाळ्यात गळतं, म्हणून ही गोष्ट मला जास्तच लागली.

गाइड एक तरुण मुलगी होती. तिने सांगितलं की वर्षातून फक्त डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसांच्या पहाटे सूर्याचा किरण दारावरच्या फटीतून येऊन इथपर्यंत पोचतो. मग तिने दिवे बंद केले. असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे हाताने चाचपून बघावंसं वाटलं. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग जमिनीवरून एक पिवळी रेघ हळूहळू आत सरकत आली, आमच्या बुटांपर्यंत. ती नक्कल होती, हे माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला.

"बल्ब हाय," आई माझ्या कानात म्हणाल्या.

"हो आई, डिसेंबरात खरा सूर्य येतो."

"पन बराबर जागी लावला."

दिवे लागल्यावर गाइडने कोनाड्यांतल्या उथळ दगडी पराती दाखवल्या. त्यांत जळलेली हाडं सापडली होती, काही मोजक्याच माणसांची. हे देऊळ होतं की थडगं, यावर ती म्हणाली की बहुधा दोन्ही. मी धास्तावून आईंकडे पाहिलं. सूर्याचं देऊळ म्हणून मी त्यांना पितृपक्षात मसणात आणून सोडलं होतं! त्या मात्र परातीकडे बघत होत्या.

"तिले इचार, नावं काय होते त्याइचे?"

मी विचारलं. ती मुलगी हसली नाही, हे मला आवडलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "एकाही माणसाचं नाव माहीत नाही. त्यांची भाषासुद्धा माहीत नाही."

मी भाषांतर केलं. कॉटेजवर पोचल्यावर उडदाची डाळ भिजत घालताना आई म्हणाल्या, "एवढाले धोंडे वाह्यले कोणासाठी तं, अन् नाव नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती धुराच्या अलार्मने. आईंनी वडे तळायला घेतले होते. आयरिश सुट्टीघरांतले अलार्म टोस्ट करपला तरी ओरडतात, इथे तर कढईभर तेल होतं. मी नाइटड्रेसवर खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होते आणि आई खालून शांतपणे झारा हलवत होत्या. "त्याले समजावून सांग, होतच आलं." शेजारच्या घरातून कॉटेजची मालकीण धावत आली. आग नाही हे बघितल्यावर तिने खिडक्या उघडून दिल्या, आम्ही कुठकुठे जाणार हे विचारलं आणि मग म्हणाली, न्यूग्रेंज काय, सगळेच बघतात. जवळच एका टेकडीवर तसंच, पण लहान आहे, तिथे गाइड नाही, तिकीट नाही. फक्त किल्ली मॅटीकडून घ्यायची.

त्या टेकडीचं नाव मी इथे देणार नाही. का ते पुढे कळेलच. मीथमध्ये अशा बऱ्याच टेकड्या आहेत, स्थानिकांना विचारलंत तर तुम्हाला तुमची सापडेल.

मॅटीचं घर एका अशा रस्त्यावर होतं ज्याच्या मधोमध गवत उगवलेलं असतं. समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे जायचं, आणि ते नेहमी आपणच. मॅटी ऐंशीच्या घरातला, उंच, वाकलेला शेतकरी. आम्ही पोचलो तेव्हा तो कुत्र्याला घेऊन मेंढ्यांकडे निघालाच होता. त्याने दारामागच्या खिळ्यावरून हातभर लांब लोखंडी किल्ली काढून दिली, अनामत म्हणून वीस युरो घेऊन फडताळातल्या चहाच्या किटलीत टाकले आणि सांगितलं की सगळी फाटकं लावून घ्या, आतल्या पायरीला जपा, आणि ते इंटरनेटवर टाकत बसू नका. मी कबूल झाले.

पाच हजार वर्षांच्या थडग्याची किल्ली एका माणसाच्या दारामागे लटकते, याने मी चाट पडले होते. आई अजिबात नाही. "आमच्या गावाले गुरवाकडं असते तशी," त्या म्हणाल्या आणि डबा छातीशी धरून चढायला लागल्या.

टेकडी फार उंच नाही, पण त्या चढताना दोनदा थांबल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांच्या पोटात कोऱ्या चहाशिवाय काही नाही. आणि त्यांना मधुमेह आहे.

"आई, गोळी घेतली का सकाळी?"

"घेतली."

"उपाशीपोटी?"

"आता कोणी तरी भेटनच."

वर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे पाखरं होती. कावळ्यांचा तुटवडा आयर्लंडात कधीच नसतो. आईंनी एका दगडावर त्यांचा घास ठेवला आणि आमची पाठ फिरायच्या आत तो संपलासुद्धा. पण त्यांना हवा होता माणूस. माझ्या पर्समध्ये ग्लुकोजची बिस्किटं होती. मी पुडा पुढे केला. त्यांनी नुसती मान हलवली.

लोखंडी दार करकरत उघडलं. आईंनी बाहेर चपला काढल्या. मी म्हणाले की ओल आहे, पाय गारठतील. "कोनाच्या घरात चपला घालून जाते काय?" त्या म्हणाल्या. मग मीही बूट काढले.

इथे दिवे नव्हते, दोरी नव्हती, आमच्या फोनचा उजेड तेवढा. रांगत नव्हे, पण कमरेत वाकून आत गेलो आणि उभ्या राहिलो. न्यूग्रेंजला मी चकित झाले होते. इथे मला वेगळंच काही झालं. दगडांवर नागमोडी रेघा होत्या, एकाखाली एक, शंकरपाळ्यांसारखे चौकोन होते, आणि ते सगळं अजून ताजं होतं, जणू कोरणारा हात झटकत आत्ताच बाहेर गेला आहे. आईंनी बोटांनी त्या रेघा चाचपल्या. "लुगड्याचा काठ हाय वं हा," त्या कुजबुजल्या. एका बाजूच्या कोनाड्यात उथळ दगडी परात होती, पावसाचं थोडं पाणी साचलेली. मी उजेड विझवला. दारातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडाची एक धूसर पट्टी आमच्यापर्यंत आली होती. ही नक्कल नव्हती. साधा ढगाळ रविवार होता, आणि तोच असा पाच हजार वर्षं रोज आत येत होता, बघायला कोणी असो नसो. मी इतकी लहान झाले की मला त्यात बरं वाटलं. नोकरी, कर्ज, घर घ्यायचं की नाही, सगळं बाहेर मेंढ्यांत राहिलं. मला सासऱ्यांची आठवण आली, माझ्या आजोबांची आली, आणि ज्यांची नावं मलाही माहीत नाहीत अशा कितीतरी माणसांची आली, जी माझ्या आधी होती म्हणून मी होते.

अंधारात आई त्या परातीशी बोलत होत्या. "आलो बाप्पा तुमच्या घरी. रागावू नोका. काही आणलं नाई तुमच्यासाठी, हे दुसऱ्याचं हाय."

बाहेर आलो तेव्हा दुपार उलटत होती. सुदैवाने एक तरुण जोडपं सायकली खाली ठेवून वर येत होतं. मी धीर करून त्यांना जेवायचं विचारलं. ती दोघं गोड हसली, पण आत्ताच गावात जेवून आलो, पोटात जागाच नाही, म्हणाली आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती दिसत होती. आई त्यांना "राहू द्या, राहू द्या," म्हणाल्या. उतरताना आईंनी माझ्या दंडावर सगळा भार टाकला. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि थंडी वाजत होती. मला आता खरीच भीती वाटली. मी मनाशी ठरवलं की गाडीत बसल्या बसल्या बिस्किट तोंडात कोंबायचं, मग पितर मला काय शाप द्यायचा तो देवोत.

किल्ली द्यायला मॅटीच्या दारात थांबलो. तो परत आला होता. मी एका दमात सगळं सांगितलं: आज यांच्या नवऱ्याचा दिवस आहे, त्याच्या नावाने बाहेरचं कोणी जेवलं तरच या जेवतात, डबा तयार आहे, तुम्ही जेवाल का?

"आह नो, नो. आय अॅम ग्रँड," मॅटी म्हणाला, म्हणजे मला काही नको.

मी माफी मागून डबा परत पिशवीत घालायला लागले. इथल्या ऑफिसात मी इतकी वर्षं काढली आहेत, माणूस नाही म्हणाला की नाही, पुन्हा विचारणं असभ्य, हे माझ्या अंगात भिनलंय. आईंनी माझ्या हातातून पिशवी काढून घेतली.

"त्यानं एकदाच नाई म्हनलं ना," त्या मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून, सरळ वऱ्हाडीत, "घ्या नं भाऊ. थोडसं घ्या."

"नो, रिअली, यू आर व्हेरी गुड, पण तुम्हाला कमी पडेल."

"कमी काऊन पडन? लय केलं हाय."

"मी आत्ताच चहा घेतला..."

"चहानं काय होते? या, बसा."

आणि मॅटी बाजूला झाला. "कम इन, कम इन देन," तो म्हणाला. मी तोंड उघडं टाकून पाहत होते. नंतर गॉलवेतल्या आयरिश शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती हसत सुटली. म्हणाली, अगं, इथे पहिल्यांदा हो म्हणणं हाच उद्धटपणा. तीनदा नाही म्हणायचं आणि समोरच्याने तीनदा आग्रह करायचा. मी इतक्या वर्षांत किती माणसांना उपाशी परत पाठवलं असेल!

मॅटीच्या स्वयंपाकघरात जुनी लोखंडी चूल ऊब देत होती. भिंतीवर येशूची तसबीर, तिच्यासमोर छोटा लाल दिवा, आणि बाजूला एका बाईचा फोटो. त्याची बायको, नूला. आईंनी दिव्याला हात जोडले, मग फोटोला. मॅटीने आपणहून टेबल पुसलं, चांगली ताटली काढली. आईंनी वाढलं: वडे, कढी, गवारीची भाजी, भात, खीर. आधी डावीकडे काय, उजवीकडे काय, सगळं रीतसर. मॅटीने पहिला वडा सुरीकाट्याने कापायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि हाताने खाऊ लागला. खिरीचा चमचा तोंडात गेल्यावर तो थांबला. त्याची आई अशीच करायची, म्हणाला, चुलीच्या कडेला ठेवून, वर साय धरेपर्यंत. आईंनी न विचारता आणखी वाढली.

आई समोर उभ्या होत्या, टेबलाची कड धरून. मी खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत.

"म्हणजे आज त्याची अॅनिव्हर्सरी," मॅटी म्हणाला. त्याला यात काहीच नवल वाटलं नव्हतं. नूलाच्या दिवशी तो चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना ठेवतो, तेव्हा पाद्री तिचं नाव सगळ्यांसमोर वाचतात. नाव वाचलं गेलं की झालं, म्हणाला. मग त्याने आईंकडे पाहून विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

मी भाषांतर केलं, आणि उत्तरही मीच देणार होते. कारण आमच्या आई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. त्यांच्या पिढीतल्या, त्यांच्या गावच्या बायका घेत नाहीत. 'हे', 'समीरचे बाबा', फार तर 'गुर्जी', कारण सासरे शाळामास्तर होते. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी ते उच्चारलेलं कोणी ऐकलं नव्हतं. इस्पितळाच्या काउंटरवर पेशंटचं नाव विचारलं तेव्हासुद्धा त्यांनी समीरकडे बोट दाखवलं होतं.

मी तोंड उघडलं. आईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"नामदेव," त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही नीट, म्हणून पुन्हा म्हणाल्या. "नामदेवराव."

मॅटीने ते दोनदा घोळवून बघितलं. 'नामडेव्ह' झालं, मग बऱ्यापैकी बरोबर आलं. "गॉड रेस्ट यू, नामदेव," तो ताटलीकडे बघून म्हणाला आणि उरलेली खीर संपवली.

मग आई बसल्या. मी वाढलं, त्यांनी खाल्लं. पहिल्या दोन घासांनंतर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला आणि माझ्या जिवात जीव. त्या रडत होत्या, पण जेवणं थांबवलं नाही. मॅटी चहा करायला उठला आणि बराच वेळ पाठमोरा राहून कप विसळत राहिला. निघताना त्याने किटलीतून वीस युरो काढून दिले आणि अंड्यांचा एक ट्रे पुढे केला. आई शाकाहारी, पण त्यांनी तो घेतला, अर्थात तीनदा नको म्हणून.

परतीचा रस्ता त्याच हायवेने. आई झोपल्या. मला दोन दिवसांतलं काय काय आठवत होतं, ती वेटोळी, तो अंधार, त्या ताज्या रेघा. माल्टाला मी कधी तरी जाईनच. तिथली देवळं मोठी आहेत, ऊन आहे, आणि मला अजूनही ती बघायची आहेत. पण कोणी विचारलं की पितृपक्षात प्रवास करावा का, तर मी आता ठामपणे सांगते की करावा, डबा घेऊन करावा, आणि वाटेत कोणी नाही म्हणालं तर आणखी दोनदा विचारावं.

घरी पोचलो तेव्हा समीर शिफ्टवरून नुकताच येऊन चहा टाकत होता. दिवसभर त्याच्या मनात एकच काळजी असणार, कारण त्याने आम्हाला बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"आई, जेवलीस ना? कोणी भेटलं का? कोण जेवलं?"

आईंनी अंड्यांचा ट्रे ओट्यावर ठेवला, पदराने तोंड पुसलं.

"नामदेवराव जेवले," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवले. खीर दोन डाव घेतली."

समीर हातात पातेलं धरून तसाच उभा राहिला. आपल्या बाबांचं नाव आईच्या तोंडून त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.